सल्ला पाळणारे रुग्ण जास्त जगतात. पण नेमकं कशामुळे?

नीलमोहर

'डॉक्टरांनी सांगितलेलं पाळलं की तब्येत सुधारते' हे इतकं उघड वाटतं की यावर धागा कशाला, असं कुणीही विचारेल. मी औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीत काम करते. या साध्या विधानाच्या पोटात केवढी गुंतागुंत आहे हे रोज पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात १९८० सालापासून करू. अमेरिकेत 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' नावाची मोठी चाचणी झाली होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांपैकी काहींना क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं आणि काहींना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या कॅप्सूल. पाच वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ सारखंच, सुमारे २० टक्के. थोडक्यात, औषधाचा उपयोग झाला नाही.

मग कुणीतरी विचारलं, ज्यांनी औषध नीट घेतलं त्यांचं काय? ठरलेल्या कॅप्सूलपैकी ८० टक्के किंवा जास्त घेणाऱ्यांत पाच वर्षांतले मृत्यू १५.० टक्के, त्याहून कमी घेणाऱ्यांत २४.६ टक्के. इथेच कुणी थांबलं असतं तर 'औषध चांगलं आहे, लोक घेत नाहीत' असा निष्कर्ष काढून मोकळं झालं असतं. पण संशोधकांनी हाच हिशोब औषध नसलेल्या कॅप्सूलच्या गटातही केला. तिथे नियमित घेणाऱ्यांत मृत्यू १५.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत २८.२ टक्के!

म्हणजे ज्या कॅप्सूलमध्ये काहीच नव्हतं, ती नेमाने घेणारे लोक जवळपास निम्म्या प्रमाणात मेले. सुरुवातीच्या तब्येतीच्या चाळीस बाबी हिशोबात धरूनही १६.४ आणि २५.८ असा फरक उरलाच.

हा एकाच चाचणीतला योगायोग नव्हता. १९९० साली प्रोप्रॅनोलॉल या (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या 'बीटा ब्लॉकर' गटातल्या) औषधाच्या चाचणीचं असंच विश्लेषण झालं. गोळ्या नीट न घेणाऱ्यांचा वर्षभरात मृत्यू होण्याचा धोका २.६ पट होता, आणि तो खरी गोळी मिळालेल्यांत आणि खोटी गोळी मिळालेल्यांत सारखाच वाढलेला होता. २००६ मध्ये अशा २१ अभ्यासांची एकत्र बेरीज झाली. नियमित औषध घेणाऱ्यांत मृत्यूची शक्यता साधारण ४४ टक्क्यांनी कमी दिसली. फक्त खोट्या गोळीचे गट वेगळे काढून पाहिले, तर तिथेही तोच आकडा.

मला यातून जे कळलं ते असं. गोळ्या वेळेवर घेणं ही एकटी सुटी सवय नसते. ज्याला ते जमतं त्याच्या घरात बहुधा आठवण करून देणारं कुणीतरी असतं, दिवसाला काहीएक घडी असते, मन फार खचलेलं नसतं, पुढच्या महिन्याचं औषध आणायला हातात पैसे आणि पायात बळ असतं. तो माणूस तपासणीलाही जातो आणि त्रास सुरू झाला की अंगावर काढत नाही. उलट ज्याची गोळी सुटते त्याच्या बाबतीत कित्येकदा आजार आधीच बळावलेला असतो आणि म्हणूनच गोळी सुटते. आपण गोळ्या मोजतो, पण त्या मोजणीत माणसाची सगळी परिस्थिती उतरलेली असते.

मग सल्ला पाळल्याने खरोखर फरक पडतो की नाही? पडतो. पण तो सिद्ध करायला 'पाळणारे' आणि 'न पाळणारे' यांची नुसती तुलना पुरत नाही, कारण ती मुळात दोन वेगळ्या परिस्थितींतल्या माणसांची तुलना असते. पाळणं सोपं होईल की अवघड, हे चिठ्ठी टाकून ठरलं पाहिजे. अशी चाचणी झाली आहे. 'सिक्युअर' नावाची, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले सुमारे २,५०० वयस्कर रुग्ण. निम्म्यांना ॲस्पिरिन, रामिप्रिल आणि ॲटोर्वास्टॅटिन ही तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये, उरलेल्यांना नेहमीचे वेगवेगळे उपचार. एकत्र कॅप्सूल मिळालेल्यांनी औषध जास्त नियमित घेतलं. साधारण तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा तातडीने रक्तवाहिनी मोकळी करावी लागणं, यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण त्यांच्यात ९.५ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात १२.७ टक्के.

इथे रुग्णाचा स्वभाव कुणी बदलला नव्हता, कुणी कुणाला रागावलंही नव्हतं. फक्त पाळायची गोष्ट सुटसुटीत केली होती.

म्हणून 'पेशंट ऐकतच नाही' हे वाक्य मला खटकतं. दीर्घ आजारांत औषधं नीट घेणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांतही सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच असतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच नोंदवलं होतं. निम्मी माणसं जिथे अडखळतात तिथे दोष फक्त माणसांचा कसा असेल? तुमचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील. विरोधी असली तर जास्तच.

---

पिंपळपान

फार चांगला लेख. एक शंका. रिकामी कॅप्सूल नेमाने घेऊन लोक जगले, म्हणजे हा प्लासिबोचाच परिणाम नाही का? 'मी औषध घेतोय' या विश्वासाने बरं वाटणं?

---

नीलमोहर

@पिंपळपान, थोडा वाटा असू शकेल. पण विश्वासाने दुखणं कमी वाटणं वेगळं आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर येणं वेगळं. याच्याशी जोडलेला २००९ चा एक अभ्यास बघा. स्टॅटिन नियमित घेणाऱ्या लोकांत वाहनांचे आणि कामाच्या ठिकाणचे अपघातसुद्धा कमी आढळले आणि आजारांच्या चाचण्या करून घेण्याचं प्रमाण जास्त. कोलेस्टेरॉलची गोळी गाडीचा अपघात टाळू शकत नाही, त्या गोळीवर कितीही विश्वास असला तरी. तिथे काम करते ती माणसाची सावधपणे जगण्याची एकूण रीत.

आणखी एक सांगायला हवं. अलीकडे कोरोनरी ड्रग प्रोजेक्टची तीच जुनी माहिती संख्याशास्त्राच्या नव्या पद्धतींनी पुन्हा तपासली गेली. चाचणी चालू असताना रुग्णांची तब्येत कशी बदलत गेली हेही हिशोबात घेतलं, तेव्हा हा फरक खूपच आकसला. म्हणजे तब्येत बिघडली म्हणून गोळ्या सुटल्या, हा भाग बराच मोठा असणार.

---

रात्रपाळी

मी हृदयरोगाच्या वॉर्डात नर्स आहे. तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहायला बसले.

डिस्चार्जचा दिवस म्हणजे घाईचा दिवस. गाडी खाली उभी असते, बिलाचे कागद हातात असतात, नातेवाइकांचे फोन चालू असतात, आणि त्याच दहा मिनिटांत आम्ही गोळ्यांचा कागद समजावतो. पेशंट मान डोलावतो. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. वॉर्डात उभं राहिलं की त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

स्टेंटचं, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या बारीक जाळीचं, उदाहरण घ्या. स्टेंट बसला, नळी मोकळी झाली, छातीतलं दुखणं गेलं. माणसाला वाटतं काम झालं. पण स्टेंट ही रक्ताच्या दृष्टीने परकी वस्तू असते. तिच्यावर आतल्या अस्तराचा थर चढेपर्यंत तिथे गुठळी धरण्याची भीती असते आणि क्लोपिडोग्रेलसारखी गोळी त्यासाठी असते. हे एक वाक्य नीट पोचलं नाही तर ती गोळी कागदावरच्या बाकी गोळ्यांसारखीच दिसते आणि संपली की संपली. ज्यांतून औषध पाझरतं अशा स्टेंटचा २००६ मधला एक अभ्यास आहे. झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्या दर सातांपैकी जवळपास एकाने महिन्याभरातच या गटातली गोळी बंद केली होती. पुढच्या अकरा महिन्यांत अशांपैकी ७.५ टक्के दगावले, गोळी चालू ठेवणाऱ्यांत ०.७ टक्के. तुम्ही म्हणाल की हीसुद्धा दोन वेगळ्या परिस्थितींतल्या माणसांची तुलना आहे, आणि ते बरोबर आहे. पण गुठळी कशी होते हे आपल्याला माहीत आहे, म्हणून हा सगळा फरक परिस्थितीचा असेल असं मला वाटत नाही.

आमच्या वॉर्डात आता मी 'समजलं का?' असं विचारत नाही. त्याला उत्तर नेहमी 'हो'च येतं. मी म्हणते, 'घरी गेल्यावर सूनबाईंना ही गोळी कशासाठी आहे ते कसं सांगाल? मला सांगून दाखवा.' कुठे गाठ बसली आहे ते तेव्हा कळतं. बहुतेक वेळा गोळीचं नाव लक्षात असतं, 'किती महिने' हे नसतं.

---

आरोह

विरोधी मत मागितलंत, म्हणून लिहितो.

सगळी चर्चा 'सल्ला बरोबर आहे' हे गृहीत धरून चालली आहे. सल्लाच चुकीचा असेल तर? १९८० च्या दशकात झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या ठोक्यांतली अनियमितता दाबायला एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड सर्रास दिली जात होती. तर्क सरळ होता, की अनियमित ठोक्यांमुळे अचानक मृत्यू येतो, ते ठोके दाबले की मृत्यू टळेल. मग 'कास्ट' नावाची चाचणी झाली आणि १९८९ मध्ये या औषधांपुरती ती मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या गटात ६३ मृत्यू आणि जवळपास तेवढ्याच आकाराच्या प्लासिबो (खोट्या गोळीच्या) गटात २६. ज्यांनी सल्ला तंतोतंत पाळला ते जास्त धोक्यात होते.

रजोनिवृत्तीनंतरच्या हॉर्मोनचंही तसंच. वर्षानुवर्षं निरीक्षणांतून दिसत होतं की हॉर्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो. २००२ मध्ये चिठ्ठी टाकून केलेल्या मोठ्या चाचणीत एकत्रित हॉर्मोन घेणाऱ्यांत तो फायदा दिसलाच नाही, उलट धोका थोडा वाढलेला निघाला. आधीच्या आकड्यांत 'सावधपणे जगणाऱ्या स्त्रिया' मोजल्या गेल्या होत्या, हे नीलमोहर यांच्याच मुद्द्यावरून दिसतं.

म्हणून 'पाळा, पाळा' म्हणण्याआधी सल्ल्याचा पुरावा विचारायचा हक्क रुग्णाला हवा.

---

नीलमोहर

@आरोह, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. वर सांगितलेल्या २००६ च्या एकत्रित विश्लेषणात याचाही हिशोब होता. जी औषधं पुढे घातक ठरली त्यांच्या बाबतीत नियमितपणे औषध घेणाऱ्यांत मृत्यूची शक्यता जवळपास २.९ पट आढळली. म्हणजे सावधपणे जगण्याचा सगळा फायदासुद्धा घातक औषधापुढे टिकला नाही.

पण तुमच्याच उदाहरणाची दुसरी बाजू बघा. ही चूक उघडकीला आली ती चाचणीतल्या रुग्णांनी दिलेलं औषध खरोखर घेतलं म्हणून. निम्म्यांनी गोळ्या टाकून दिल्या असत्या तर दोन गटांतला फरक पुसट झाला असता आणि ते औषध आणखी कित्येक वर्षं चालू राहिलं असतं.

पुरावा विचारण्याच्या हक्काशी पूर्ण सहमत. माझा आग्रह एवढाच, की प्रश्न डॉक्टरांना विचारून औषध थांबवणं आणि गोळ्या मनानेच बंद करून पुढच्या भेटीत 'चालू आहेत' सांगणं, या दोन गोष्टी एका तागडीत टाकू नयेत. दुसऱ्यात डॉक्टर आंधळे होतात. बीपी उतरत नाही असं त्यांना दिसतं आणि ते डोस वाढवतात. तो वाढलेला डोस एखाद्या दिवशी सगळाच्या सगळा पोटात गेला तर चक्कर येऊन पडायची वेळ येते.

---

टिपकागद

'चालू आहेत' सांगण्यावरून. मी क्षयरोग आणि एचआयव्हीच्या रुग्णांबरोबर समुपदेशक म्हणून काम केलं आहे.

एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी रोज घ्यायच्या गोळीची 'व्हॉइस' नावाची चाचणी आफ्रिकेत झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. विचारल्यावर स्त्रियांचं उत्तर होतं की सुमारे ९० टक्के डोस घेतले. परत आणलेल्या गोळ्यांच्या मोजणीतही तसंच दिसत होतं. रक्त तपासलं तर ३० टक्के किंवा त्याहून कमी नमुन्यांत औषध सापडलं. चाचणीत संरक्षण दिसलं नाही. आणि त्याच औषधाने इतर चाचण्यांत, जिथे रक्तात औषध सापडत होतं तिथे, चांगलं संरक्षण दिलं होतं. घेतलेल्या औषधाचा आणि परिणामाचा इतका थेट संबंध मी दुसरीकडे पाहिला नाही.

पण माझं सांगणं पुढचं आहे. त्या स्त्रियांना 'खोटं बोलल्या' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. घरात गोळी सापडली तर आजारी समजतील, नवरा संशय घेईल, ही भीती अशा ठिकाणी खरी असते. माझ्यासमोर बसलेल्या कित्येक जणींनी डबीवरचं लेबल फाडून टाकलेलं असायचं. गोळी लपवायची असेल तर ती वेळेवर घेणार कशी?

क्षयाचंही थोडं. साधारण प्रकारात सहा महिने औषध. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे कमी. पण खोकला आणि ताप काही आठवड्यांतच उतरतात, वजन वाढायला लागतं, माणूस कामावर जायला लागतो. नेमकं तेव्हाच औषध सुटतं. आत थोडे जंतू सुस्त पडून राहिलेले असतात आणि अर्धवट उपचारांत त्यांतले औषधाला दाद न देणारे वरचढ होतात. पुढचा उपचार मग जास्त लांबतो आणि जास्त त्रासाचा होतो, शिवाय तो जंतू घरातल्या दुसऱ्याला लागला तर त्याला पहिल्या दिवसापासूनच अवघड आजार.

यावर समोर बसवून गोळी गिळायला लावण्याची पद्धत आली. तिचा उपयोग झाला, पण ज्याची रोजी बुडते त्याला रोज दवाखान्यात बोलावणं ही शिक्षाच. माझ्या अनुभवात गोळीवर नजर ठेवण्यापेक्षा माणसाची विचारपूस केल्याने जास्त लोकांनी उपचार पूर्ण केले. मद्रासमध्ये १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलंच होतं की सॅनेटोरियममधल्या विश्रांतीइतकाच गुण घरी राहून नीट औषध घेतल्याने येतो. तिथली घरं गरिबांची होती, खाण्याचे हाल होते, तरीही.

---

मुक्ता

दुष्परिणामांवर कुणी बोललं नाही अजून. बऱ्याच लोकांचं औषध विसरल्यामुळे सुटत नाही, त्रास होतो म्हणून सुटतं. माझ्या वडिलांनी स्टॅटिन पाय दुखतात म्हणून सोडलं. त्यांना 'ऐकत नाहीत' म्हणणं अन्याय आहे.

---

नीलमोहर

@मुक्ता, अगदी. त्रास खराच असतो. फक्त तो कशाने होतोय हे शोधायला हवं. स्टॅटिनबद्दल २०२० मध्ये 'सॅमसन' ही छोटी पण फार हुशारीने रचलेली चाचणी झाली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांनी काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून केलं आणि त्रासाची रोज नोंद ठेवली. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास वाढला त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीच्या महिन्यांतही वाढला. दुखत नव्हतं असा याचा अर्थ मुळीच नाही. दुखत होतं, पण ते बहुतांशी गोळी घेण्याच्या धास्तीशी जोडलेलं होतं, रसायनाशी कमी. स्वतःच्याच नोंदी पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

मात्र स्टॅटिनमुळे स्नायूंना खरी इजा होणारे थोडे लोक असतातच. वडिलांचं दुखणं मनाचं आहे असं ठरवून टाकू नका. डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी, डोस कमी करणं, दुसरं स्टॅटिन, हे सगळे रस्ते खुले असतात.

---

पिंपळपान

अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा की बरं वाटलं की थांबवायचं? यावर आता डॉक्टरांतच मतभेद आहेत असं वाचलं.

---

नीलमोहर

बऱ्याच साध्या संसर्गांत कमी दिवसांचा कोर्स जास्त दिवसांच्या कोर्सइतकाच उपयोगी ठरतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. त्यामुळे आता डॉक्टर मुळातच कमी दिवस लिहून देऊ लागले आहेत. पण किती दिवस पुरे हे आजारावर ठरतं. दिवस कमी करता येतील का, हे औषध लिहून घेताना विचारा. क्षयाला यातलं काहीही लागू नाही, टिपकागद यांनी वर लिहिलंच आहे.

---

सांजवारा

मानसोपचाराच्या क्षेत्रात असल्यामुळे एकच भर घालते. खचलेल्या मनाचा उल्लेख मूळ लेखात ओझरता आला आहे, तो फार मोठा आहे. नैराश्य असलेल्या रुग्णांत उपचार न पाळण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट असते, असं २००० सालच्या एका विश्लेषणात आढळलं होतं. मधुमेहाच्या माणसाची शुगर वर्षभर हाताबाहेर असेल तर चौथी गोळी लिहिण्याआधी 'झोप लागते का? कशात मन रमतं का?' एवढं तरी विचारलं जावं. सकाळी उठण्यातच अर्थ वाटत नसेल तर दहा वर्षांनी डोळे आणि मूत्रपिंड वाचावेत म्हणून आज गोळी कोण घेईल?

---

आरोह

आपण गोळ्यांवरच अडकलोय. सल्ल्यातला अवघड भाग राहणीचा असतो.

---

रात्रपाळी

@आरोह, आणि तोच सगळ्यात घाईत सांगितला जातो. 'वजन कमी करा, चालत जा, सिगारेट सोडा', तीन शब्दांत तीन डोंगर. पण फायदा मोठा आहे हो. ४१ देशांतल्या १८,००० हून जास्त हृदयरुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये आला होता. झटक्यानंतर सिगारेट चालूच ठेवणारे आणि आहार-व्यायामही न पाळणारे, यांना सहा महिन्यांत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका, कधीच सिगारेट न ओढलेल्या आणि आहार-व्यायाम पाळणाऱ्यांच्या ३.८ पट होता. सहा महिन्यांत! दहा वर्षांनी वगैरे नाही.

---

नीलमोहर

आणि राहणीच्या बाबतीत चिठ्ठी टाकून केलेला पुरावाही आहे. मधुमेह टाळण्याच्या २००२ च्या अमेरिकी चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक होते. आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. पण त्या गटाला नुसतं 'वजन कमी करा' असं सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकाला मार्गदर्शक होता, सुरुवातीला सोळा भेटींचा अभ्यासक्रम होता, नंतरही संपर्क होता. आपण त्या आकड्याचा आधार घेतो आणि रुग्णाला देतो मात्र छापील पत्रक.

काय केल्याने लोक जास्त पाळतात, याचंही प्रामाणिक उत्तर फारसं सुखद नाही. २०१४ मध्ये या विषयावरच्या १८२ चाचण्यांचा आढावा घेतला गेला. त्यांतल्या सर्वांत भरवशाच्या १७ पैकी फक्त पाचांत औषध घेण्यातही सुधारणा झाली आणि तब्येतीतही. त्या पाचांतले उपाय बहुतेक गुंतागुंतीचे होते, वारंवार माणसाशी बोलणं त्यात होतं. नुसत्या आठवणीच्या गजराने बीपी उतरेल, ही अपेक्षा मी तरी सोडून दिली आहे.

---

गोधडी

सगळं वाचलं. माझा प्रश्न घरगुती आहे. आईचं वय ७८. बीपी, मधुमेह, थायरॉइड, गुडघे आणि मागच्या वर्षीपासून झोपेची गोळी. तीन डॉक्टर, तिघांचे वेगळे कागद. ती सगळं प्रामाणिकपणे घेते आणि तरी दिवसभर गळून गेल्यासारखी असते. मध्ये दोनदा तोल गेला. सल्ला पाळणं चांगलं हे पटतं, पण इथे पाळण्यामुळेच काही होत असेल का? सुरुवात कुठून करू?

---

खलबत्ता

@गोधडी, मी फार्मासिस्ट आहे. शक्यता आहे, आणि तोल जातोय म्हणून हे लांबवू नका. या वयात बीपीच्या गोळ्या, शुगरच्या काही गोळ्या आणि झोपेची गोळी, तिन्हींमुळे तोल जाऊ शकतो. तीन वेगळ्या कागदांत एकाच गटातली दोन औषधं वेगळ्या कंपन्यांच्या नावाने आलेली असणं मी खूपदा पाहतो. डबीवरचं मोठं नाव बघू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव बघा.

आईच्या घरात जेवढ्या गोळ्या, मलमं, थेंब आणि जाहिरात बघून आणलेल्या पावडरी असतील त्या सगळ्या एका पिशवीत भरा आणि तिघांपैकी जे डॉक्टर आईला सर्वांत जास्त ओळखतात त्यांच्याकडे न्या. दुखण्याची गोळी विशेष दाखवा. गुडघ्यांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही वेदनाशामकांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो, मग बीपीची आणखी एक गोळी वाढते. प्रत्येक औषधाला 'हे कशासाठी, अजून लागतं का, किती दिवस' एवढंच विचारा. त्यांना न विचारता काहीही एकदम बंद मात्र करू नका. झोपेच्या बऱ्याच गोळ्या, बीटा ब्लॉकर आणि स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं, ती टप्प्याटप्प्याने उतरवावी लागतात.

जायच्या आधी काही दिवस तोल कधी गेला त्याची वेळ लिहा, आणि त्या वेळी जमलं तर बीपी आणि शुगर मोजून ठेवा. बीपी बसून आणि मग उभं राहून, असं दोन्ही मोजा. पुन्हा तोल गेला किंवा ती पडली तर मात्र ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका.

---

गोधडी

आभार. थायरॉइडची गोळी ती सकाळी बाकी गोळ्यांबरोबरच घेते, कॅल्शियमही त्यातच. हे चालतं का?

---

खलबत्ता

नाही चालत. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून किमान चार तास लांब, नाहीतर ती शरीरात नीट शोषलीच जात नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर टाका. आणि ही वेळ बदलल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण आता गोळी जास्त लागू पडेल. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करून कदाचित डोस कमी करावा लागेल.